कपाटातल्या बाई

९ जानेवारी

पक्कडभाऊजी,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही आधी चष्मा पुसाल आणि मग मनात म्हणाल, गेला वाटतं मिस्त्री. गेलेले नाहीत. समोर बसलेत, टॉवेलच्या घड्या घालतायत आणि मोडतायत. मी फोन केला होता, पण तुमच्या सूनबाई म्हणाल्या, बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, नुसतं "बरं बरं" म्हणून ठेवून देतात. तीस वर्षं लिफ्टच्या मोटारींशेजारी बसून कान घालवलेत, आता भोगा. म्हणून हे पत्र.

ह्यांच्या आजाराचं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. विसरण्याचं मला आता काही वाटत नाही. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, मला कधी ताई म्हणतात, कधी सिस्टर. मी दोन्हीला ओ देते. पण तीन महिन्यांपासून ह्यांना माणसं दिसायला लागलीत. डॉक्टर म्हणाले, ह्या प्रकारात दिसतात, अगदी कपड्यांच्या रंगासकट. आधी खिडकीत एक कुत्रं यायचं. त्याचा त्रास नव्हता, मीही त्याला हाड म्हणायचे. आता आमच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात एक बाई आहे.

ते कपाट तुम्ही पाहिलंय. लाकडी, माणसापेक्षा उंच, दाराला उभी अरुंद काच. दुपारी चार वाजले की ह्यांचे हात चुळबुळायला लागतात आणि साडेचारला हे कपाटासमोर. काचेला तोंड लावून म्हणतात, "बाई, घाबरू नका. मी आहे इथे. जोडीदार किल्ली घेऊन येतोय." मग दाराच्या फटीत नखं घालतात. दोन नखं उलटली, रक्त आलं. मी ओढायला गेले तर मला ढकललं. पंचेचाळीस वर्षांत ज्यांनी आवाज चढवला नाही, त्यांनी मला ढकललं.

मग मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी कपाट सताड उघडलं, सगळे कपडे जमिनीवर फेकले आणि ओरडले, "दाखवा! कुठाय ती बाई?" ह्यांनी आत डोकावून पाहिलं आणि दार हलकेच लावून घेतलं. मला म्हणाले, "हा मजला नाही. बाई दोन मजल्यांच्या मधे आहेत." आणि काचेला म्हणाले, "माफ करा हं, ह्यांना समजत नाही." मग खाली बसून रडले. दिवे लागेपर्यंत रडत होते.

लेकीने तिच्या घराजवळच्या शुश्रूषागृहात एक खाट बघून ठेवलीय. फेब्रुवारीअखेर हो की नाही ते कळवायचं आहे. लेक वाईट नाही, तिला माझ्या हाडांची काळजी आहे. मी विचारलं, तिथे माणसाला खाटेला बांधतात का? तर म्हणाली, "अगदी गरज पडली तरच, आई." भाऊजी, मला ह्यांना घरीच ठेवायचंय. पण ही बाई कपाटातून गेल्याशिवाय ते माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून विचारते, आणि हसायचं तर हसा, सत्तरी ओलांडलेली बाई विचारतेय. तुम्ही दोघं सदा बरोबर असायचात. ही कोण?

उठले वाटतं. थांबते.

वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. एकदा मिस्त्रीसाठी, एकदा तुमच्यासाठी आणि एकदा माझ्या कानांचा उद्धार केलात तो पुन्हा वाचायला. बरं वाटलं. इथे सगळे मला सांभाळून बोलतात. कुणी घालूनपाडून बोलेल तर शपथ.

बाईबिई कुणी नाही हो. मिस्त्रीचं बायकांशी बोलणं म्हणजे "बाजूला व्हा, साडीला ग्रीस लागेल" एवढंच. तेही नाक वर करून, छताकडे बघत म्हणायचा. आम्ही दोघांनी मिळून दीड-दोनशे माणसं लिफ्टमधून बाहेर काढली असतील. एका इमारतीत नवरदेव काढला, एका ठिकाणी बासरीवाला. तो आत वाजवतच बसला होता, बाहेर यायला तयार नव्हता. त्यातलीच कुणीतरी डोक्यात राहिली असेल. किल्लीचं विचारलंत, तर तेही असंच काहीतरी, मनाला लावून घेऊ नका.

मला विचाराल तर सगळा घोळ त्या काचेचा आहे. जुन्या लिफ्टच्या दाराला अशीच उभी काच असायची, आतलं माणूस दिसावं म्हणून. तेव्हा उपाय सोपा आहे. कपाट त्या खोलीतून हलवा. कपाट नाही तर बाई नाही. मिस्त्री सरळ माणूस आहे, समोर दिसलं नाही तर शोधत बसणार नाही.

माझा हात हल्ली कापतो, म्हणून अक्षर पाण्यात पडल्यासारखं आलंय. मिस्त्रीला सांगा, पक्कड विचारत होता.

पक्कड


२४ जानेवारी

भाऊजी,

तुमच्या सोप्या उपायाने माझं कोपर निळं झालंय.

दोन दांडगे हमाल बोलावून कपाट बाहेरच्या खोलीत नेलं. भिंतीवर त्याच्या मापाचा एक काळपट चौकोन राहिला, मागच्या वेळी रंगवताना कपाट कुणी सरकवलंच नव्हतं. साडेचारला हे खोलीत आले, बघितलं, आणि जागच्या जागी गोठले. दोन्ही हात पसरून मला अडवलं. "पुढे येऊ नका! खड्डा उघडा आहे!"

समजलं का? कपाट काढलं तर ह्यांना लिफ्टच निघून गेल्यासारखी दिसली, आणि खाली सहा मजल्यांचा खड्डा. ह्यांनी खुर्च्या आणल्या, बादल्या आणल्या, माझं शिवणयंत्र ओढत आणलं आणि भिंतीसमोर आडवं घातलं. मी तिथला केर काढायला वाकले तर मागून मला कवेत धरून खेचलं. दोघंही आपटलो. मग माझा पाय धरून तासभर बसले होते, घामाने चिंब, आणि सारखं एकच, "बाई खाली गेल्या का? आवाज आला का तुम्हाला?" तीन दिवस हे चाललं. तीन दिवस ह्यांनी पाणीसुद्धा धड घेतलं नाही. शेवटी हमालांना पुन्हा बोलावलं. त्यातला मोठा म्हणाला, "आजी, परत हलवायचं असेल तर आत्ताच सांगा, आम्ही जिन्यातच थांबतो." जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या ह्यांनी, आणि आमच्या नशिबी जिना.

आता कपाट जागेवर आहे आणि बाई कपाटात.

आणि हो. मी तुम्हाला किल्लीचं काहीच विचारलं नव्हतं. माझं पत्र पुन्हा वाचा. मी बाईचं विचारलं होतं. तुम्ही न विचारलेल्याचं उत्तर का दिलंत?

डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिलीय, माणसं दिसायची कमी होतील म्हणाले. उद्यापासून सुरू.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

कान धरतो. लिफ्ट काढली की खड्डा उरतो, हे मला कळायला नको? तीस वर्षं काय केलं मी? कोपराला शेक द्या.

आता असं करा. मिस्त्रीशी भांडू नका, त्याच्या बरोबरीने उभ्या राहा. माणूस अडकला की आम्ही काय करायचो ते लिहितो. दारावर तीनदा ठोकायचं, म्हणजे आतल्याला कळतं की कुणीतरी आलंय. मग विचारायचं, आत किती जण? मग सांगायचं, दाराला टेकू नका, खाली बसा. दार कधी उचकटायचं नाही, ते मिस्त्रीलाही पाठ आहे, आजारातच तेवढं सुटलंय. आणि मुख्य म्हणजे बोलत राहायचं. हवापाण्याचं, मुलाबाळांचं, काहीही. बाहेरचा गप्प झाला की आतल्याला वाटतं, गेले सोडून. मिस्त्रीइतकं बोलणं कुणाला जमायचं नाही. एरवी मुका, पण दारापलीकडे माणूस अडकलं की काय गप्पा मारायचा!

किल्लीचं म्हणाल, तर मिस्त्री विसरभोळा पहिल्यापासूनच. तेच कुठेतरी डोक्यात घोळत असेल.

पक्कड


१० फेब्रुवारी

भाऊजी,

त्या नव्या गोळीच्या चौथ्या दिवशी हे लाकूड झाले. मान एका बाजूला, तोंडातून लाळ, चमचा उचलता येईना, पाय जमिनीला खिळल्यासारखे. बाई गेली, पण तिच्याबरोबर हेही गेले. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी ताबडतोब थांबवा, ह्या आजारात काहींना ती अजिबात सोसत नाही. मान सरळ व्हायला आठवडा लागला. चार दिवसांपूर्वी साडेचारला हे उठले, भिंत धरत धरत गेले आणि काचेला म्हणाले, "बाई, आहात ना?" आणि मला हायसं वाटलं. मला! त्या बाईला मीच आता "या बसा" म्हणायची बाकी आहे.

तुमचं ते तीनदा ठोकणं केलं. खरंच फरक पडतो. मी ठोकलं, आत किती जण विचारलं, की हे माझ्याकडे "हं, आता कुणीतरी कामाचं आलं" अशा नजरेने बघतात. नखं लावत नाहीत. पण उत्तर येत नाही ना आतून. दहा मिनिटं वाट बघतात, मग कासावीस होतात, आणि दर पाच मिनिटांनी मला विचारतात, "मॅटिनी किती वाजता सुटते? सुटली का मॅटिनी?"

ह्यांनी जन्मात कधी दुपारचा सिनेमा बघितला नाही. दुपारचा सिनेमा कोण बघायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. तुमची मंडळी माझ्यापाशी येऊन रडायची त्यावरून.

अजून एक सांगते. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, विसरणं कधीपासून सुरू झालं? मी शाळेच्या ऑफिसात जन्म काढलेली बाई, मला तारखा लागतात. मी म्हटलं, सव्वीस वर्षांपासून. तेव्हा हे कामावरची किल्ली घरी विसरले आणि सुपरवायझरची जागा हातची गेली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. सव्वीस वर्षं मीही ते विसरू दिलं नाही. बाहेर निघाले की "किल्ली घेतली का?" पाहुण्यांसमोर, जावयासमोर. हे हसायचे.

त्या दिवशी आमच्या घरात किल्ली नव्हती, भाऊजी. काल मला आठवलं. मी त्या आठवड्यात सगळं घर रंगवायला काढलं होतं, एकेक खिळा हातातून गेला होता माझ्या. मग किल्ली कुठे होती?

अठ्ठावीस तारखेला लेकीला उत्तर द्यायचंय. त्याआधी लिहा. हवापाण्याचं नको.

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

किल्ली माझ्या खिशात होती.

रात्रभर कागद पुढे घेऊन बसलोय आणि एवढं एकच वाक्य खरं वाटतंय. बाकीचं आता लिहितो.

कचेऱ्यांची सहा मजली इमारत होती. आम्हाला तिथे दुपारची ड्यूटी होती, जोडीत एकच त्रिकोणी किल्ली, बाहेरचं दार उघडायची. मी मिस्त्रीला म्हटलं, आलोच, आणि मॅटिनीला गेलो. किल्ली पॅंटच्या खिशात तशीच. मागे लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधे अडकली. आत एकच बाई, तिथल्याच कुठल्याशा कचेरीतली. एकटी.

मिस्त्रीने मुख्य ऑफिसला फोन केला असता तर अर्ध्या तासात दुसरी किल्ली आली असती. पण मग विचारलं असतं, पक्कड कुठाय? मला आधीच दोन लेखी ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरीला घरी बसवणार होते, आणि माझी मुलं तेव्हा एवढी एवढी होती. म्हणून त्याने फोन केला नाही. दाराशी बसून राहिला. माणूस किल्ली आणायला गेलाय, येतोच आहे, असं सांगत राहिला. पावणेतीन तास.

मी परत आलो तेव्हा तो पायरीवर बसून काचेतून बोलत होता. आवाज बसला होता त्याचा. दार उघडलं. बाईंचे कपडे ओले झाले होते, वहिनी. पावणेतीन तास कोण धरून ठेवणार? त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. पर्स पुढे धरली आणि भिंतीच्या कडेकडेने जिना उतरून गेल्या. मिस्त्री मागे धावला, "बाई, घरी सोडू का? कुणाला बोलावू का?" त्यांनी मान हलवली, बस.

चौकशीत त्याने लिहून दिलं, किल्ली मी घरी विसरलो. मला म्हणाला, तू तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे. मी उघडलं नाही. तो सुपरवायझर झाला नाही, दोन वर्षांनी मी झालो. तुमच्या घरी पेढे घेऊन आलो होतो, तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणालात, "बघा, लोक किल्ल्या सांभाळतात." मी तिथे बसून चहा प्यायलो.

म्हणून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं पत्र नाही. कानांचं निमित्त होतं.

मी येऊ का? त्याच्यासमोर बोलेन. तुम्ही काय म्हणाल ते.

पक्कड


१ मार्च

वहिनी, दोन आठवडे झाले. शिव्या लिहा, पण लिहा. मिस्त्री घरी आहे की लेकीकडे पाठवलंत, एवढं तरी कळवा.

पक्कड


६ मार्च

भाऊजी,

घरीच आहेत. लेकीला नाही म्हणून कळवलं. ती फोनवर रडली, रागावली, आणि मग सकाळच्या वेळी मदतीला एक बाई पाठवायचं तिने कबूल केलं. कपाटातली नव्हे, हाडामासाची. कामं सकाळीच उरकतात, म्हणून मला आता दुपारी तासभर पाठ टेकता येते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. तुमचा राग आला, पण खरं सांगू? त्याहून जास्त ह्यांचा आला. माझ्याजवळ का नाही बोलले? मी काय मुख्य ऑफिसला जाऊन सांगणार होते? चार दिवस मी ह्यांच्याशी तुटक वागले, म्हणजे बघा, ज्यांना सकाळचा नाश्ता आठवत नाही त्यांच्यावर मी सव्वीस वर्षांपूर्वीचा राग काढत होते. पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्या कागदावरची ती नोंद खोडायला लावली. ते म्हणाले, एवढ्याने उपचारात काही फरक पडत नाही. मी म्हटलं, मला पडतो, खोडा.

आणि मला एक कळलं. आम्ही सगळे त्या बाईला घालवायला बघत होतो, मी, तुम्ही, डॉक्टर. ह्यांना तिला घालवायचं नव्हतं. ह्यांना तिला घरी पोचवायचं होतं. आणि आतून कुणी बाहेर येत नव्हतं.

सव्वीस फेब्रुवारीला चार वाजता मी कपाट रिकामं केलं, खाली चादर टाकली आणि आत शिरले. शिरले म्हणजे काय, आधी डावा पाय, मग देवाचं नाव, मग उजवा पाय. गुडघ्यांनी केवढा आवाज केला! दार ओढून घेतलं आणि बसले. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. वाटलं, इथेच काही झालं तर लोक काय म्हणतील?

साडेचारला पावलं वाजली. घासत घासत, ह्यांची. दारावर तीनदा ठोकलं.

"आत किती जण?"

"एक," मी म्हटलं.

ह्यांना तीन महिन्यांत पहिल्यांदा उत्तर मिळालं होतं ना. मग घाईघाईने म्हणाले, "दाराला टेकू नका. खाली बसा." मी म्हटलं, बसले आहे. मग तेही बसले असावेत, कारण आवाज खालून यायला लागला. इतका नीट, इतका सलग आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. म्हणाले, "घाबरू नका, बाई. मी उठून जाणार नाही. घरी कोण असतं तुमच्या?" मी म्हटलं, नवरा. म्हणाले, "माझ्या घरी बायको आहे. फार तिखट. आज उशीर झाला म्हणून बोलेल मला. पण बोलताना पान वाढत असते. मी जेवेपर्यंत ती जेवत नाही, आणि वर सांगते की भूक नव्हती. मला ते कळतं, पण मी बोलत नाही. बोललो तर लाजेल आणि आणखी बोलेल."

भाऊजी, मी कपाटात बसून तोंडात पदर कोंबला.

मग म्हणाले, "जोडीदार येईल आता. उशीर करतो, पण येतो." तेव्हा मला राहवलं नाही. त्या बाईंना तेव्हा म्हणता आलं नसेल ते मी म्हटलं. मी म्हटलं, "मला वाट बघायची नाही. मला आत्ता घरी जायचंय. मला सोडवा."

मला वाटलं, उठून गेले की काय. मग आवाज आला, "हो. चुकलंच माझं. मघाशीच सोडवायला हवं होतं." आणि त्यांनी दार उघडलं. नखं न लावता, मूठ धरून, सरळ.

मला हात दिला. माझ्याकडे बघितलं नाही, छताकडे नजर, तुम्ही लिहिलं होतं तसं. पाठीला हात न लावता मागे मागे चालत मला घराच्या दारापर्यंत आणलं, कडी काढली, म्हणाले, "जपून जा. घरी सांगा, आमच्यामुळे उशीर झाला. तुमचा काही दोष नाही." मी बाहेर पडले. ह्यांनी दार लावून घेतलं.

मी जिन्यात उभी. पायात घरातल्या सपाता, किल्ली आत, आणि आत हे एकटे. वरची शेजारीण पिशव्या घेऊन उतरत होती, तिने विचारलं, "काकू, इथे का?" मी म्हटलं, हवा खाते. ती गेल्यावर घंटा वाजवली. हे विचारतील कोण पाहिजे, आणि मी काय सांगू?

दार उघडलं. ह्यांनी मला पाहिलं, आणि भाऊजी, ह्यांनी मला ओळखलं. ताई नाही, सिस्टर नाही. माझं नाव घेतलं. "आलीस?" म्हणाले. "कुठे होतीस इतका वेळ? ये, बस. आज कामावर फार वाईट झालं. एक बाई अडकली होती. पण गेली हो, घरी गेली. मी दारापर्यंत सोडलं."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि किल्ली? किल्ली कुठे होती?"

ह्यांनी मान खाली घातली. "माझ्याकडेच," म्हणाले. "घरी विसरलो होतो मी."

लेकीचं नाव आठवत नाही ह्यांना. जेवलो का ते आठवत नाही. हे तेवढं अजून जसंच्या तसं आहे.

बाई पुन्हा येतात, अजून. ह्या आठवड्यात तीनदा मी आत बसले आणि ह्यांनी मला सोडवलं. दर वेळी ओळखतात असं नाही. त्या दिवसानंतर एकदाच ओळखलं. तुम्ही या, भाऊजी. माफी मागायला येऊ नका, ती कुणाकडे मागाल? माझे गुडघे आता साथ देत नाहीत, चार दिवस तुम्ही अडका.

आणि त्या दिवशी मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला सांगून ठेवते, कारण पेढ्यांच्या वेळी किल्लीवरून मी जे बोलले होते ते तुम्ही आमच्या घरात बसून ऐकलंय. मी ह्यांच्याजवळ बसले, ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, "असू दे. विसरतं माणूस. चला, पान वाढते."

वहिनी